दर वेळी बाहेर काढलं की पुढे पळणारं घड्याळ

संग्रहातलं एक घड्याळ माझ्याकडून फार मागे पडलं होतं. काटे मागे पडत नव्हते, घड्याळच मागे पडलं होतं. काटे उलट पुढे पळायचे, आणि भांडणाचं मूळ तेच.

बऱ्याच महिन्यांनी कधीतरी ते हाताला लागायचं. निळी तबकडी, बारीक काटे, पाठीमागच्या काचेतून डुलणारा रोटर, म्हणजे हाताच्या हालचालीने फिरून चावी भरणारा अर्धगोल तुकडा. 'हे आपण घालत का नाही?' असं दर वेळी नव्याने वाटायचं. मग वेळ लावायची, दोन दिवस मिरवायचं, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी मोबाइलशी ताडून पाहिलं तर स्वारी आठ मिनिटं पुढे. दिवसाला चार मिनिटं. वैतागून पुन्हा पाऊचमध्ये. पुढच्या खेपेपर्यंत वैताग विसरलेला असायचा, तबकडी तेवढी लक्षात राहायची. असा 'शोध' मी चार वर्षांत पाच वेळा लावला.

मधल्या काळात दोन वेगवेगळ्या घड्याळजींना दाखवलं. दोघांनीही 'आता ठीक चालतंय' म्हणून परत दिलं. घरी आठवडाभर खरोखरच ठीक चालायचं, दिवसाला पाच-सहा सेकंद पुढे, म्हणजे तक्रारीला जागाच नाही. मग दुसरं एखादं घड्याळ हातावर चढायचं, हे पाऊचमध्ये जायचं, आणि तीन महिन्यांनी पुन्हा चार मिनिटं. या लोकांना कामच येत नाही असं मी ठरवून टाकलं होतं. ते साफ चूक होतं. घड्याळ बिघडतं ते चालताना, असं मी धरून चाललो होतो. हे ठेवल्या जागी बिघडत होतं.

तुमच्याही खणात असं एखादं रुसलेलं घड्याळ असेल, तर ज्या क्रमाने मी जायला हवं होतं तो क्रम पुढे देतो. मी गेलो तो क्रम देण्यात अर्थ नाही.

आधी तक्रार नीट नाव घेऊन मांडा

'बरोबर चालत नाही' ही तक्रार नव्हे. थांबतं, मागे पडतं, की पुढे पळतं? तिन्हींची कारणं बहुतेक वेळा वेगळी असतात. आणि हे ठरवण्याआधी घड्याळाला पोटभर चावी दिलेली असली पाहिजे.

इथेच निम्मी माणसं फसतात. बरेच दिवस पडून असलेलं ऑटोमॅटिक (रोटरने आपोआप चावी भरणारं घड्याळ) उचलायचं, दोन-चार वेळा हलवायचं, सेकंद काटा फिरू लागला की हातात बांधायचं. असं सुरू झालेलं घड्याळ अर्धपोटी असतं. दिवसभर खुर्चीत बसून काम करणाऱ्याच्या हाताची हालचाल रोटरला पुरत नाही, संध्याकाळपर्यंत घड्याळाला ताकद पुरवणारी मुख्य स्प्रिंग जेमतेम भरते, रात्री ते टेबलावर पडून राहतं आणि सकाळी साडेचारला थांबलेलं सापडतं. मग 'बंद पडतं हो हे' असं म्हणत ते परत खणात जातं. घड्याळात काहीही बिघडलेलं नसतं, ते उपाशी असतं.

म्हणून पहिलं काम चावीचं. क्राउन, म्हणजे बाजूची चावी द्यायची गुंडी, न ओढता, आहे त्या जागी, वरच्या दिशेने तीस-चाळीस फेरे द्या. क्राउन स्क्रूचा असेल तर आधी सोडवून घ्या. ऑटोमॅटिकला 'जास्त चावी' देता येत नाही. त्याची मुख्य स्प्रिंग पेटीच्या भिंतीला खिळलेली नसते, पूर्ण भरल्यावर ती भिंतीवरून घसरते, जादा ताण साठतच नाही. निव्वळ चावीच्या घड्याळाचं तसं नाही. तिथे शेवटी अडसर लागतो, आणि तो लागला की थांबायचं, जोर करायचा नाही. काही ऑटोमॅटिकना हाताने चावी देताच येत नाही. सेईकोचं ७एस२६ हे यंत्र त्यातलं प्रसिद्ध उदाहरण. ते हातात आडवं धरून अर्धा मिनिट सावकाश डावीकडे-उजवीकडे हलवायचं आणि मग दिवसभर घालायचं.

पोटभर चावी दिल्यावर ते टेबलावर ठेवून किती तास चालतं ते पाहा. ईटीए २८२४ सारख्या यंत्राची साठवण साधारण ३८ तासांची, मियोटा ८२१५ ची ४२ च्या आसपास. तुमचं घड्याळ पस्तीस-चाळीस तास चाललं तर 'थांबतं' ही तक्रार फाइलबंद करा. पंधरा-वीस तासांतच थांबलं तर मात्र आत तेल सुकलंय, घाण साचलीय किंवा मुख्य स्प्रिंग थकलीय. त्यावर घरगुती इलाज नाही. माझं ३९ तास चाललं. म्हणजे प्रकृती ठणठणीत, फक्त घाई.

मोजमाप, तेही कागदावर

डोक्यात ठेवलेले आकडे खोटं बोलतात. एका छोट्या वहीत लिहा. पोटभर चावी, मोबाइलच्या वेळेशी सेकंदासह जुळवणी, आणि बरोबर चोवीस तासांनी फरक. दिवसाचे सेकंद ८६,४००. माझे चार मिनिटं म्हणजे २४० सेकंद, अवघा ०.२८ टक्के फरक. तासाला २८,८०० ठोके टाकणारं यंत्र दिवसात ६,९१,२०० ठोके टाकतं, हे लक्षात घेतलं की रागाची धार जरा बोथट होते. तरी चार मिनिटं म्हणजे चार मिनिटं. स्विस क्रोनोमीटरच्या, म्हणजे अचूकतेचं प्रमाणपत्र मिळवणाऱ्या घड्याळाच्या, चाचणीत सरासरी दिवसाला ४ सेकंद मागे ते ६ सेकंद पुढे एवढीच मुभा असते. साध्या यंत्रांना जास्त सूट आहे. वर सांगितलेल्या ७एस२६ ला कंपनीच दिवसाला २० सेकंद मागे ते ४० सेकंद पुढे इतकी मोकळीक देते. तेव्हा तीस सेकंदांसाठी डोकं धरून बसू नका. मिनिटांत फरक असेल तर पुढे वाचा.

मोजताना घड्याळ कसं ठेवलं होतं तेही लिहा. तबकडी वर, तबकडी खाली, क्राउन वर, क्राउन खाली. गुरुत्वाकर्षणामुळे प्रत्येक स्थितीत चाल थोडी बदलते. तबकडी वर ठेवल्यावर दहा सेकंद पुढे आणि क्राउन वर ठेवल्यावर तीन सेकंद मागे, असं निघालं तर रात्री कसं निजवायचं ते ठरवून हिशेब बराचसा बरोबरीत आणता येतो. मला ही युक्ती फार आवडते, कारण तिच्यात स्क्रूड्रायव्हर लागत नाही. पण ती सेकंदांची युक्ती आहे. चार मिनिटांपुढे ती निरुपयोगी. माझं घड्याळ चारही स्थितींत जवळजवळ सारखंच पळत होतं. तो आकडा वहीत उतरवला तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. स्थिती बदलूनही फरक बदलत नाही, आणि घड्याळ थकलेलंही नाही, म्हणजे संशय हेअरस्प्रिंगवर.

चुंबक

हेअरस्प्रिंग म्हणजे घड्याळाचे ठोके ठरवणाऱ्या बॅलन्स चाकाला मागे-पुढे झुलवणारी ती केसासारखी बारीक वेटोळी स्प्रिंग. तिची लांबी जितकी कमी, तितका झोका जलद. चुंबकत्व लागलं की वेटोळी एकमेकांना खेचतात, कधी चिकटतातही. स्प्रिंग जणू आखूड होते आणि घड्याळ सुसाट सुटतं. इतर दोषांत काटे सहसा मागे पडतात. अचानक दिवसाला काही मिनिटं पुढे जाऊ लागलेल्या यांत्रिक घड्याळात म्हणूनच पहिला संशय चुंबकाचा. उलटंही होतं, चुंबकत्व जास्त असेल तर घड्याळ मागे पडतं किंवा थांबतंही, पण ते तुलनेने कमी पाहायला मिळतं.

हा रोग घड्याळांइतकाच जुना आहे आणि त्यावर डोकी खपलेली आहेत. हेअरस्प्रिंगच्या धातूमागे तर चक्क नोबेल आहे. निकेल आणि पोलादाच्या मिश्रधातूंवरच्या कामासाठी शार्ल एदुआर गियोम यांना १९२० चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, आणि तापमान बदललं तरी ताठरपणा न बदलणारा एलिनव्हार हा धातू त्यांच्याच कामातून आला. आजच्या मिश्रधातूंच्या स्प्रिंगा पूर्वीच्या निळ्या पोलादी स्प्रिंगांपेक्षा कितीतरी कमी चुंबकत्व धरतात, पण मुळीच धरत नाहीत असं नाही. यंत्राभोवती मऊ लोखंडाचा आतला डबा बसवणं हा दुसरा उपाय. आयडब्ल्यूसीच्या १९४८ च्या मार्क ११ मध्ये तो होता, १९५६ च्या रोलेक्स मिलगाउसमध्येही. सिलिकॉनच्या स्प्रिंगेला हा त्रासच नाही. २०१३ मध्ये ओमेगाने १५,००० गॉसला (गॉस हे चुंबकीय क्षेत्राचं माप) दाद न देणारं यंत्र दाखवलं त्यामागे सिलिकॉन आणि चुंबकाला न जुमानणारे धातू होते. माझ्या घड्याळात यातलं काहीच नाही. तुमच्याही बहुधा नसेल.

तपासणी सोपी आहे. सुईचं साधं होकायंत्र घ्या. मोबाइलमधलं नको, मोबाइलच्या पोटातच चुंबकं असतात. होकायंत्र सपाट ठेवा, सुई स्थिर होऊ द्या, मग घड्याळ काचेला अगदी लागून सावकाश फिरवा. सुई थोडी ओढली जाणं पुरावा नव्हे, रोटर किंवा स्क्रूंच्या साध्या लोखंडाकडेही ती झुकते. घड्याळाची एक बाजू सुईला खेचते आणि फिरवल्यावर दुसरी बाजू ढकलते, असं दिसलं तर निदान पक्कं. एक मात्र सांगून ठेवतो. सुई हलली नाही म्हणून घड्याळ निर्दोष ठरत नाही. हेअरस्प्रिंगला लागलेलं चुंबकत्व इतकं कमी असू शकतं की सुईला त्याचा पत्ताही लागू नये. मिनिटांत पुढे पळतंय ना? मग सुई काहीही म्हणो, चुंबकत्व उतरवून बघा.

त्यासाठीचं डिमॅग्नेटायझर हे साधन अगदी साधं असतं. विजेवर चालणारी तारेची गुंडाळी, वर एक बटण. ते वापरताना लोक जी चूक करतात ती मीही पहिल्यांदा केली. घड्याळ वर ठेवलं, बटण दाबलं, सोडलं, झालं! असं केलं तर बटण सोडताना विजेचा जो क्षण असेल त्या क्षणाचं चुंबकत्व घड्याळात तसंच बसतं, क्वचित आधीपेक्षा जास्त. बटण दाबून धरा, घड्याळ सावकाश उचला, हात लांब होईल तितकं, दोन फुटांपर्यंत तरी, दूर न्या, आणि मगच बटण सोडा. क्षेत्र हळूहळू विरत गेलं पाहिजे, त्यातच सगळी जादू आहे. पाच-सहा सेकंदांचं काम. लगेच समाधान झालं नाही तर पुन्हा करा, पण गुंडाळी तापते, तिला मध्ये विसावा द्या.

माझ्या घड्याळाचा फरक २४० सेकंदांवरून ६ वर आला. आनंदाने ते आठवडाभर घातलं, मग मोठ्या मानाने पाऊचमध्ये ठेवलं. दोन महिन्यांनी पुन्हा चार मिनिटं.

मग पुन्हा का?

खरी अडचण इथे होती, आणि ती योगायोगाने सुटली. होकायंत्र टेबलावर तसंच राहिलं होतं आणि मी पाऊच त्याच्या शेजारी ठेवला. सुई गर्रकन फिरली आणि पाऊचकडे तोंड करून थांबली.

तो तीन कप्प्यांचा, गुंडाळी करायचा पाऊच आहे. झाकणाला वरून न दिसणारी बटणं. ती 'टप्प' करून बसतात म्हणूनच मला तो आवडला होता. ती बटणं म्हणजे अर्थातच चुंबकं. झाकण मिटलं की एक चुंबक बरोबर सगळ्यात बाहेरच्या कप्प्यावर येतं. बाहेरच्या कप्प्यात कोण? जे सगळ्यात शेवटी, नाइलाजाने ठेवलं जातं ते. आतल्या कप्प्यांतल्या घड्याळांना काहीच झालं नव्हतं, कारण चुंबकाचं बळ अंतराबरोबर झपाट्याने उतरतं. अंतर दुप्पट झालं की ते साधारण आठव्या हिश्श्यावर येतं. चार-पाच सेंटिमीटरचा फरक पुरेसा होता. रोजच्या वापरातल्या साध्या घड्याळांनी ४,८०० अँपिअर प्रति मीटर, म्हणजे अंदाजे ६० गॉस, सहन करावेत अशी आयएसओ ७६४ या आंतरराष्ट्रीय मानकाची अपेक्षा असते. पाऊचच्या बटणात वापरतात तसं छोटं निओडिमियम चुंबक अगदी जवळून सहज हजार गॉसच्या पुढे जातं.

खात्री करून घेतल्याशिवाय मला चैन पडत नाही, म्हणून प्रयोग केला. चुंबकत्व उतरवलेलं घड्याळ एक रात्र बाहेरच्या कप्प्यात ठेवलं. दुसऱ्या दिवशीचा फरक १९० सेकंद पुढे. पुन्हा उतरवलं, या वेळी एक आठवडा लाकडी खणात मोकळं ठेवलं. फरक ६ सेकंद. म्हणजे दोन्ही घड्याळजींनी त्यांच्या टेबलावर, कदाचित न बोलता सवयीनेच, चुंबकत्व उतरवलं असणार आणि मी ते घरी आणून इमानेइतबारे परत भरत होतो. त्या दोघांची मनातल्या मनात माफी मागितली.

घरात असे छुपे शत्रू बरेच असतात. टॅबलेटचं मिटणारं आवरण, इअरफोनची डबी, पिशवीचं बटण, स्पीकर, फ्रिजचं दार. काही देखण्या घड्याळपेट्यांच्या झाकणातही चुंबकं असतात. हा विनोद मला अजून पचलेला नाही. घड्याळ कुठे ठेवता तिथे एकदा होकायंत्र फिरवून बघा. घड्याळ तपासण्याआधी जागा तपासायची हे मला आधी सुचलं असतं तर चार वर्षं वाचली असती.

चुंबक उतरवूनही पळत असेल तर

मग हेअरस्प्रिंगवर तेल ओघळून वेटोळी चिकटलेली असू शकतात, धक्क्याने एखादं वेटोळं अडकलेलं असू शकतं, किंवा कोणीतरी आतली चाल नेमणारी दांडी ढकलून ठेवलेली असू शकते. यातलं काहीही मागचं झाकण उघडून स्वतः करू नका. हेअरस्प्रिंगला चिमटा लागला की दुरुस्तीचं रूपांतर नव्या भागाच्या शोधात होतं. घड्याळजींकडे टाइमग्राफर असतो. तो ठोके ऐकून चाल, झोक्याचा कोन आणि ठोक्यांतली विषमता दाखवतो. तो आलेख बघायला मागा, संकोच करू नका. पोटभर चावी दिलेल्या, तबकडी वर ठेवलेल्या निरोगी घड्याळाचा झोका साधारण २७० ते ३१० अंशांचा असतो. २०० च्या खाली असेल तर सर्व्हिसिंगला पर्याय नाही. मोबाइलवरची ठोके ऐकणारी अॅप्स चाल ठीक सांगतात, पण झोक्याच्या आकड्यावर मी तरी विसंबत नाही.

वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या घड्याळाचं तेल घट्ट होतं हे खरं, पण त्यासाठी दर आठवड्याला चावी देत बसायचं की नाही यावर जाणकारांतही एकमत नाही. मी महिन्यातून एकदा देतो, मुख्यतः त्याची आठवण राहावी म्हणून.

बाकी किरकोळ

तारीख दुपारी बारा वाजता बदलते ही तक्रार दोष नव्हे, वेळ लावताना सकाळ-संध्याकाळची गल्लत झाली. काटे बारा तास पुढे न्या. झटपट तारीख बदलणारं बटण किंवा क्राउनची खाच रात्री नऊ ते पहाटे तीन या वेळात वापरू नका, तेव्हा तारखेची दातेरी चाकं गुंतलेली असतात आणि दात तुटू शकतो. पडून असलेलं घड्याळ हाती घेतलं की आधी काटे साडेसहावर आणा, मग तारीख, मग वेळ.

क्वार्ट्झ घड्याळ बरेच दिवस पडून असेल तर सेकंद काट्याकडे बघा. बऱ्याच यंत्रांत तो दोन-दोन सेकंदांच्या उड्या मारत असेल तर सेल संपत आल्याची ती सूचना असते. मृत सेल आत ठेवू नका, तो पाझरतो आणि यंत्र खातो. बदलताना १.५५ व्होल्टचा सिल्व्हर ऑक्साइडचा घ्या, दिसायला तसाच असलेला अल्कलाइन नको. चुंबकाजवळ क्वार्ट्झ घड्याळही थांबतं, पण दूर नेलं की बहुधा पुन्हा चालू होतं. त्याची चाल क्रिस्टलच्या सेकंदाला ३२,७६८ कंपनांवर असते, हेअरस्प्रिंगवर नसते.

आणि पाणी. झाकणावर '१०० मीटर' लिहिलेलं असलं तरी ते घड्याळ नवं होतं तेव्हाचं. आतली रबरी कडी वर्षांनुवर्षं पडून कडक होते. तपासून घेतल्याशिवाय हातही जपून धुवा. काचेच्या आत वाफ दिसली तर उन्हात ठेवून 'सुकवू' नका, त्याच दिवशी उघडून घ्या.

माझं घड्याळ आता लाकडी खणात, तबकडी वर करून झोपतं. आज सकाळी सलग एकविसावा दिवस होता, एकूण फरक दोन मिनिटं नऊ सेकंद पुढे. पाऊच टाकून दिलेला नाही. त्या बाहेरच्या कप्प्यात पट्टे बदलायचं हत्यार ठेवलंय. अलीकडे त्याच्या टोकाला बारीक स्क्रू आपोआप चिकटायला लागलेत.